ओट्यावरची चार नाकं

मापता येत नाही अशी वस्तू जगात नसते, असं मी नोकरीभर लोकांना सांगत आलो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. डहाणू आणि तलासरीच्या बाजारातले तराजू, सोनारांचे काटे, रॉकेलची मापं, कापड दुकानातले गज, सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. काहींवर मी शिक्का मारला, काही उचलून नेले. त्यामुळे आमच्या बाजूच्या भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी घाण वास यायला लागला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो 'किती?'

'कुठून?' हा प्रश्न नव्हताच. शेजारच्या वाडीतले चिकू तोडून तिथे 'सागरछाया संकुल' उभं राहिलं होतं. तिथून सागर दिसत नाही, आणि चिकू तोडल्यामुळे छायाही राहिलेली नाही. संकुलाचं सांडपाणी शुद्ध करायची टाकी त्यांनी आमच्या भिंतीला लागून बांधली. संकुलातल्या लोकांना वास येऊ नये म्हणून ती त्यांच्यापासून लांब ठेवायची असं ठरलं होतं. त्यांच्यापासून लांब म्हणजे माझ्या ओट्यासमोर.

आमच्या शेजारच्या दक्षाबेन म्हणाल्या, "चुरीभाई, हा सडलेल्या अंड्याचा वास आहे." दक्षाबेनच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही, सडलेलं तर नाहीच. पण त्यांचं म्हणणं शास्त्राप्रमाणे बरोबर निघालं. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वासाने माझं नुकसान काय झालं ते आधी सांगतो. माझा ओटा रिकामा झाला. माझी पत्नी जयवंती होती तोवर संध्याकाळी ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर काही आठवडे माणसं आली, गप्प बसली, गेली. मग यायची कमी झाली, मग थांबली. त्याच सुमाराला टाकी सुरू झाली. मी हिशेब केला. टाकी सुरू झाली, माणसं बंद झाली. टाकीचा वास बंद झाला की माणसं सुरू होतील. सकाळ एकट्या माणसाची कशीही जाते, दूध असतं, पेपर असतो, नळ असतो. संध्याकाळी सहा ते आठ मात्र काहीच नसतं. म्हणून मी तक्रार करायचं ठरवलं.

त्याआधी सल्ले आले. दक्षाबेन म्हणाल्या कापूर जाळा. घोलवडच्या बाजूला ज्यांची चिकूची वाडी आहे ते नविनभाई म्हणाले, "भिंतीला लागून कडुलिंब लाव. सात-आठ वर्षांत वास अडेल." मी माझं वय सांगितलं. ते म्हणाले, "मग मोठी रोपं लाव." माझी मुलगी संगिता नाशिकला असते. तिने लव्हेंडरचा स्प्रे पाठवला. तो मारल्यावर दोन वास येऊ लागले. "नाहीतर बाबा, तुम्ही इकडेच या कायमचे," ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, आधी मापून तर बघू.

जिल्ह्याच्या ऑफिसात अशा तक्रारी घेणारी एक खिडकी आहे. तिथल्या बाईंनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "नमुना जोडलेला नाही."

"कशाचा?"

"ज्याची तक्रार आहे त्याचा. पाण्याची तक्रार असेल तर पाणी आणतात लोक."

मी सरकारी नोकरीत होतो. खिडकीशी वाद घालायचा नसतो हे मला माहीत आहे. मी घरी आलो, माळ्यावरून काचेची बरणी काढली, तीन पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली. संध्याकाळी भिंतीशी उभा राहून झाकण उघडलं, वास भरपूर आत जाऊ दिला, झाकण लावलं आणि कडेने लाख ओतून सील केलं. सील माझं चांगलं असतं. दुसऱ्या दिवशी बरणी मांडीवर घेऊन एसटीने गेलो.

बाईंनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी सील फोडलं, हुंगलं, आणि बाईंकडे बरणी दिली. बाईंनी हुंगलं. मग शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले.

"कैरीचं आहे," साहेब म्हणाले. "मेथी जरा जास्त."

ती जयवंतीची लोणच्याची बरणी होती. तीन पाण्यांनी जयवंतीचं लोणचं जात नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. साहेबांनी माझ्या अर्जावर 'वास आढळला, सुखद' असा शेरा लिहिला. मी बरणी परत घेतली. झाकण लावायच्या आधी मी दोनदा हुंगून पाहिलं. मला काहीच वास आला नाही.

तरीही अर्ज पुढे गेला. अर्ज एकदा आत शिरला की तो पुढेच जातो. ऑफिसने संकुलाला पत्र पाठवलं, संकुलाने ठेकेदाराला धरलं, ठेकेदाराने तलासरीच्या एका खासगी प्रयोगशाळेला काम दिलं, आणि एके दिवशी मनिष नावाचा इंजिनिअर पाठीवर बॅग लावून माझ्या ओट्यावर आला. मुलगा नम्र होता. मी त्याला विचारलं, यंत्र कुठे आहे?

"काका, गॅस मोजायला यंत्र आहे," तो म्हणाला. "पण माणसाला त्रास किती होतो ते यंत्राला कळत नाही. त्यासाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे माणसाचं नाक. जगात सगळीकडे असंच करतात. चार-सहा नाकं बसवायची, वाऱ्याची दिशा बघायची आणि दर थोड्या वेळाने विचारायचं, वास किती. शून्य ते पाच."

मी मग विचारलं, "आणि नाकाला शिक्का कोण मारतो?"

"परीक्षा असते ना. लॅबमध्ये. फार तिखट नाक चालत नाही, फार बोथटही नाही. मधलं लागतं. तक्रारदार चालत नाही, संकुलातलं कुणी चालत नाही. तुम्ही चार माणसं द्या."

चार माणसं कुठून आणायची? आमच्या गल्लीत लग्नाला चारशे जमतात, पण हुंगायला म्हटल्यावर सगळ्यांना कामं निघाली. शेवटी दक्षाबेन तयार झाल्या, कारण वासाला नाव त्यांनी दिलं होतं. नविनभाई तयार झाले, कारण शून्य ते पाच मत द्यायचं आहे हे त्यांना आवडलं. वरोरची रखमी पाटी घेऊन आमच्या भागात मासे विकते. तिला मी विचारलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "बसून हुंगायचं का उभ्यानं?" बसून म्हटल्यावर ती हो म्हणाली. चौथा काकड्या. कोसबाडजवळच्या पाड्यावर त्याची थोडी भातशेती आहे आणि तो नविनभाईंच्या वाडीत कामाला येतो. त्याची मुलगी तलासरीला दिलेली. "गाडी तिकडं जाते ना? मग येतो," तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी मी ईको गाडी ठरवली. मनिषने आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर नियम पाठवले होते: सुगंधी तेल नको, तंबाखू नको, तपकीर नको, कांदा-लसूण नको, ताडी नको. नियम वाचताना प्रत्येकाला दुसऱ्याचा नियम योग्य वाटला. दक्षाबेन मोगऱ्याचा गजरा माळून आल्या. त्यांच्या मते गजरा म्हणजे तेल नव्हे. नविनभाईंनी वाटेत खिडकीकडे तोंड करून तपकिरीची चिमूट ओढली आणि सगळ्या गाडीला शिंका आल्या. गजरा आणि तपकिरीची डबी तलासरीच्या नाक्यावर एका पानवाल्याकडे ठेवावी लागली. परत येताना डबी मिळाली, गजरा मिळाला नाही.

प्रयोगशाळेत तीन-तीन बाटल्या ठेवल्या होत्या. प्रत्येक तीन बाटल्यांपैकी एकीत औषध, उरलेल्या दोनांत नुसतं पाणी. कुठलीत वास आहे ते सांगायचं. औषधाचा वास मार्कर पेनसारखा असतो म्हणे. दर फेरीला ते पातळ करत जातात. नविनभाईंनी पहिलं उत्तर बाटली उघडण्याआधीच दिलं. ते बरोबर निघालं, त्यामुळे पुढे त्यांना आवरणं कठीण झालं. दक्षाबेननी प्रत्येक बाटली बंद डोळ्यांनी, नैवेद्य दाखवल्यासारखी हुंगली. रखमी मधली निघाली, नेमकी हवी तशी. काकड्या मात्र सगळ्या फेऱ्यांत बरोबर निघाला, शेवटच्या फेरीत सुद्धा, जिथे मनिषलाच वास येत नव्हता.

"ह्यांचं नाक फार तिखट आहे," मनिष चिंतेने म्हणाला. "नियमात बसत नाही."

"मग एक चुकवू का?" काकड्याने विचारलं.

मनिषने बराच विचार करून त्याला घेतलं. माणसं मिळत नव्हती.

मग मी म्हणालो, आलोच आहे तर माझीही परीक्षा घ्या. नावापुरती. मनिषने बाटल्या दिल्या. पहिल्या फेरीत मला कसलाच वास आला नाही. त्याने जास्त दाट बाटल्या दिल्या. काही आलं नाही. शेवटी त्याने औषधाची मूळ बाटली उघडून नाकाखाली धरली. रखमी दाराबाहेर गेली. मला थोडंसं काहीतरी जाणवलं.

"काका," मनिष हळू म्हणाला, "तुमच्या नाकाला जवळजवळ वासच येत नाही. मग तुम्ही तक्रार कशी केलीत?"

"यावरूनच समजा," मी म्हणालो, "टाकीचा वास केवढा असेल."

त्याने ते लिहून घेतलं. पण रकान्यात 'नापास' असंही लिहिलं. नोकरीभर मी लोकांची साधनं नापास केली. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसलो आणि डहाणू येईपर्यंत समोरचा रस्ता पाहत राहिलो. मागे चौघं पास झालेली माणसं शेंगा खात होती.

मोजणी माझ्या ओट्यावरच करायची ठरली. जिथे त्रास तिथे मोजणी, आणि त्रासाच्या वेळेला. म्हणजे रोज संध्याकाळी, वारा भिंतीकडून येतो तेव्हा. चौघांनी खुर्च्यांवर बसायचं, डोळे मिटायचे. मनिषने 'हं' म्हटलं की जितका वास तितकी बोटं वर करायची. एकमेकांचं बघायचं नाही. मी तक्रारदार, त्यामुळे मी दाराच्या आत.

पहिल्या संध्याकाळी तिघांची पाच-पाच बोटं वर गेली. रखमीचं एक. मनिष गोंधळला. वाऱ्याची दिशा पाहिली तर वारा भिंतीकडून नव्हताच. मग तो वाकून शोधत शोधत ओट्याखाली गेला आणि रखमीची बोंबलाची पाटी घेऊन वर आला.

"ती?" रखमी म्हणाली. "ती तर रिकामी हाय."

"ताई, हिचाच वास आहे."

"बोंबलाला कसला वास?" तिने तिघांकडे पाहिलं. तिघं भिंतीकडे पाहत होते.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारून हिंगाची फोडणी आली आणि तिघांनी तीन-तीन बोटं दाखवली. दक्षाबेननी शून्य. फोडणी त्यांच्याच सुनेने दिली होती. त्यानंतर नविनभाईंच्या वाडीतून पिकून सडलेल्या चिकूंची गाडी गल्लीतून गेली. नविनभाई म्हणाले, "गोड आहे, हा वास धरत नाहीत." आणि खरा टाकीचा वास आला तेव्हा काकड्याने एकच बोट वर केलं.

"तुमचं नाक तर सगळ्यात तिखट," मनिष म्हणाला. "एकच?"

"येतो ना. पण हा घाण कुठं, हा खत हाय. भात चांगला येईल यावर."

मनिषने समजावलं की आवडतो का ते सांगायचं नाही, किती आहे ते सांगायचं. काकड्याने मग चार बोटं वर केली आणि म्हणाला, "चांगला हाय, पण लय हाय."

हळूहळू मोजणी सुधारली. पाटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवली जाऊ लागली, फोडणी उशिरा पडू लागली. तेवढ्यात भिंतीवर एक डोकं दिसायला लागलं. टाकीवर काम करणारा सुदाम. तलासरीच्या पलीकडच्या गावातून मोटरसायकलवर यायचा. तो शिडीवर चढून, नाकापर्यंत वर येऊन, मतमोजणीला बसल्यासारखा बोटं मोजायचा. चार आली की खाली जायचा आणि पलीकडे खडखड सुरू व्हायची. त्याने टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्याचा पट्टा बदलला, बसलेला गाळ काढला, वर झाकण टाकलं. बोटं चारावर आली, तीनवर आली, दोनवर आली. बोटं उतरली की भिंतीवरून सुदाम हात वर करायचा आणि दक्षाबेन डोळे मिटलेले असूनही म्हणायच्या, "शाबास, दीकरा."

मोजणी संपली की माणसं लगेच उठायची नाहीत. नियमाप्रमाणे आधी काही खायचं-प्यायचं नव्हतं, म्हणून नंतर मी चहा करायचो. पाणी मापून, पत्ती काट्यावर वजन करून. माप कधी चुकलं नाही. रखमी पाय पसरून बसायची आणि कुठल्या घरातली बाई पापलेट मागते आणि बांगडा घेते ते सांगायची. नविनभाई देशाचं धोरण सांगायचे. काकड्या मधेच एखादं वाक्य बोलायचा आणि नविनभाईंचं धोरण कोसळायचं. मनिष पण बसून राहायचा. त्याची गाडी सुटायची, मग दुसरी सुटायची. आठ कधी वाजायचे ते मला कळायचं नाही. माझा हिशेब बरोबर ठरत होता: वास कमी होत होता, ओटा भरत होता.

बोटं एकवर आली आणि तिथेच थांबली.

एक. दुसऱ्या दिवशी एक. पुढच्या आठवड्यात एक. चौघांचं एक. काट्याची सुई एका जागी अशी बसली की मला त्या काट्याचा संशय येतो. पण मी गप्प राहिलो. एक बोट वर राहण्यात माझा फायदा होता, हे मला चांगलं कळत होतं.

मग एका दुपारी सुदाम माझ्याकडे आला. चपला फाटकाबाहेर काढून आला.

"साहेब, आता काय करू सांगा. गाळ काढला, झाकण टाकलं, चुना मारला. टाकीच्या शेजारी बसून मी भाकर खातो. मला वास येत नाय."

"मलाही येत नाही," मी म्हणालो.

"मग बोट कसलं येतं? ठेकेदार म्हणतो, ह्या महिन्यात शून्य आलं नाय तर तू घरी जा, दुसरा आणतो. साहेब, हे काम मिळायच्या आधी मी तीन वर्षं मासेमारीच्या बोटीवर होतो. घरी बायको म्हणते आता परत नको जाऊ."

तो गेल्यावर मी मनिषला फोन केला. वास गेला आहे, शून्य लिही, असं सांगितलं.

"काका, तुमचं नाक नापास आहे," मनिष म्हणाला. "रेकॉर्डला आहे."

मी ओट्यावर बसून विचार केला. तराजू खोटा आहे असा संशय आला तर त्यात माल टाकून तपासत नाहीत. आधी रिकामा तपासतात. पारड्यात काहीच नसताना काटा हलला, तर तो तराजू उचलायचा. हे मी बाजारात रखमीच्या आईच्या तराजूवरही केलेलं आहे. इथे माल म्हणजे टाकी. पारडं रिकामं करायचं म्हणजे टाकी रिकामी करायची.

मी सुदामला बोलावलं. टाकी धुवायला टँकर येणारच होता. संकुलाचं पाणी एक दिवस बाजूच्या टाकीत वळवायचं, ही रिकामी करून धुवायची, उन्हात उघडी टाकायची, आणि कुणाला काही बोलायचं नाही. फक्त मनिषला सांगितलं. तो पलीकडे जाऊन स्वतः आत उतरून आला.

त्या संध्याकाळी वारा भिंतीकडून सरळ येत होता. चौघं बसली. डोळे मिटले. मनिष म्हणाला, "हं." मी दाराच्या आत उभा होतो. मला वाटत होतं, एकाने तरी हात मांडीवर ठेवावा. दक्षाबेनचं बोट वर गेलं. मग नविनभाईंचं. मग रखमीचं. काकड्याने थोडा वेळ घेतला आणि मग त्याचंही वर गेलं.

भिंतीवर सुदाम होता. त्याने रिकामी बादली उलटी करून दाखवली.

"डोळे उघडा," मनिष म्हणाला. "टाकी सकाळपासून रिकामी आहे."

मग नविनभाई म्हणाले, "रिकाम्या टाकीलाही वास असतो. टाकीचा स्वतःचा."

"नविनभाई, राहू द्या," मी म्हणालो. "खोटं माप आहे. सुदामची नोकरी जात होती."

ते चौघांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. काकड्याने भिंतीवरच्या सुदामकडे पाहिलं आणि दोघांच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाला. सुदामने मान हलवली आणि खाली उतरला. दक्षाबेन पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. "पण चुरीभाई, तुम्ही आमचा तराजू केला? आम्हाला विचारायचं तर."

रखमीने पदर खोचला. "विचारलं असतं तर आमी काय सांगितलं असतं? खोटं माप दिलं, हो, दिलं. बोट खाली केलं की मोजणी बंद. मोजणी बंद म्हणजे उद्या आमी इथं कशाला येऊ?"

"यायला काय झालं? वास गेला ना," मी म्हणालो. "वासामुळेच तर तुमचं येणं थांबलं होतं."

"वासामुळं?" रखमी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "साहेब, वास मागनं आला. आमी आधीच थांबलो होतो. बाई होती तेवा रस्त्यानं जाताना हाक मारायची, 'रखमे, टेक जरा!' पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. ती गेली, मग कोणी हाक नाय मारली. तुमी फाटकात उभे ऱ्हायचे, मान हलवायचे. मानेनं कोण आत येतो?"

ती गेली. बाकीचेही गेले. मनिषने शून्य लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि तक्रार मिटली असं सांगितलं. सुदामचं काम टिकलं. मी दाराशी उभा राहून महिने आठवून पाहिले. नळाची पट्टी, दिव्याचं बिल, टाकी सुरू झाली तेव्हाचा संकुलातला सत्यनारायण. रखमीचं बरोबर होतं. ओटा आधी रिकामा झाला होता, टाकी नंतर सुरू झाली होती. इतका साधा हिशेब मी उलटा मांडला होता, आणि त्या उलट्या हिशेबावर जिल्ह्याच्या ऑफिसापर्यंत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणी आलं नाही. हवा स्वच्छ होती. असं सगळे म्हणत होते.

त्याच्या पुढच्या दिवशी मी शर्ट बदलला आणि दक्षाबेनच्या दाराशी गेलो. त्यांनी जाळीच्या दारातूनच विचारलं, "आता काय मापायचं?"

"काही नाही."

"मग?"

मी वाक्य तयार करून गेलो नव्हतो. नोकरीत मी कुणाच्या दाराशी गेलो तर नोटीस घेऊन जायचो. "सहाला बसायला या," असं मी म्हणालो. ते नोटीशीसारखंच वाटलं असावं. "बघते," त्या म्हणाल्या. नविनभाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "विषय काय?" मी म्हटलं, विषय नाही. ते म्हणाले विषयाशिवाय आपल्याला बोलता येत नाही, आणि मग त्यावर पंधरा मिनिटं बोलले. काकड्या वाडीच्या फाटकाशी भेटला. तो "बरं" म्हणाला आणि मोळी उचलून चालू लागला. त्याच्या 'बरं'चा अर्थ काय होतो ते मला अजून कळत नाही.

रखमी राहिली होती. तिच्याकडे फोन असतो, पण तो ती विकताना उचलत नाही. मी ओट्यावर बसून राहिलो. सहाच्या सुमाराला ती पाटी डोक्यावर घेऊन रस्त्याच्या पलीकडून निघाली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठून फाटकाशी आलो. मान हलवून उपयोग नव्हता. मी घसा साफ केला. रस्त्यावर माणसं होती, संकुलातली दोन मुलं सायकलवर होती, किराणावाला बाहेर उभा होता.

"रखमीताई!" मी ओरडलो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मुलांनी सायकली थांबवल्या. "टेका जरा!"

रखमी वळली. पाटी तशीच डोक्यावर.

"कशाला?"

"उगाच."

ती रस्ता ओलांडून आली. पाटी आपणहून किराणावाल्याकडे ठेवली, फाटक उघडलं आणि पायरीवर थांबली.

"येते. पण एक सांगू का साहेब? राग नाय धरायचा."

"सांगा."

"चाय मी करते. तुमच्या चायपेक्षा ती टाकी बरी होती."

पाणी मापून होतं, पत्ती वजन करून होती. तरी त्या चौघांनी आणि मनिषनेही तो चहा रोज, कपाच्या तळापर्यंत प्यायला होता, आणि कुणीही कुठेही तक्रार केली नव्हती.

मी बाजूला झालो आणि तिला स्वयंपाकघर कुठे आहे ते हाताने दाखवलं. तिने हाताकडे पाहिलंच नाही. ती सरळ आत गेली आणि साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो ते मला न विचारता तिने तो काढला.